मामाच्या नावाचं तळं

नेरूळ,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिपेश,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन आहोत, तिकडे तुम्हीही तसेच असाल. पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाचं काही झालेलं नाही. मोबाईल असताना ही कागद कशाला खरडत बसली, असं तुला वाटेल. तर ऐक. फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपलं वाजतं, आणि कागदावर तुला मधेच तोंड घालता येत नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईने एवढी सोय बघितली तर बिघडलं कुठे?

हरेशच्या गुडघ्यांची कुरकुर चालू आहे. मनस्वीला बेलापूरला एका वकिलाकडे नोकरी लागली, त्यामुळे ती आता आईबापाशीही कलम लावून बोलते. माझ्या रिटायरमेंटला एक वर्ष उरलंय. आठवीच्या पोरांना अक्षांश-रेखांशातला फरक अजून कळत नाही आणि तो कळेल ही आशा मीही सोडली. आई गेल्या वर्षी पडली तेव्हापासून आमच्याकडेच आहे, जासईच्या घराला कुलूप. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण जीभ अजून अठ्ठाविशीची. आमच्या लिफ्टला ती पिंजरा म्हणते. तुझं नाव काढत नाही, ते तुला ठाऊकच आहे. पुढे जाते.

गुरुवारी भाऊबीज झाली. त्याचंच सांगायला बसलेय.

आईला भाऊ नाही. बिनभावाच्या बायका चंद्राला ओवाळतात, आपली आई मिठागराच्या बांधावरच्या दगडाला ओवाळायची. लहानपणी आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांना मामा असतो, आपला मामा दगडाखाली असतो, संपलं. तूच एकदा शाळेत बाईंना सांगितलं होतंस, 'माझा मामा गोरा आहे आणि तो विमानातून आला,' आणि खोटं बोलतो म्हणून तासभर बाकावर उभा होतास. आठवतं?

आपल्याला सांगितलेली हकिकत एवढीच होती. लढाईच्या शेवटच्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या थोडं आधी, खाडीत विमान पडलं. साहेबांनी लाँचमधून येऊन मिळाली तेवढी माणसं नेली. हा एकटा आठव्या दिवशी ओहोटीला आजाच्या बांधाला लागला. आजाने पोलिसांना कळवलं नाही. चिरनेरच्या गोळीबाराला पंधराच वर्षं झाली होती, पोलीस म्हटलं की अख्खं गाव दाराला कडी घालायचं. आजाने त्याला अंघोळ घातली, स्वतःचं धुतलेलं धोतर गुंडाळलं, आणि गोरे लोक पुरतात म्हणून बांधावरच पुरलं. वर ओळखीला दगड ठेवला. सर्वपित्रीला आजी त्याच्या नावाचं, म्हणजे बिननावाचं, एक पान वाढायची. तिच्यामागे आई वाढते.

तो दगड आता नाही. तो विषय या पत्रात नको.

तर गुरुवारी आईने हॉलमध्ये पाट मांडायला लावला. मला वाटलं, मनस्वीचे चुलतभाऊ येणार आहेत म्हणून असेल. आईने कमरेची मिसरीची डबी काढली, तिच्या तळातून चिंधीत बांधलेलं काहीतरी सोडवलं, पाटावर ठेवलं आणि ओवाळायला लागली. मी जवळ जाऊन बघितलं. पाच रुपयांच्या जुन्या नाण्याहून जराशी मोठी, गोल, विटकरी लाल चकती. धातूची नाही, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी. वर एक भोक.

"आई, हे काय गं?"

"त्याचा हाय. गल्यान व्हता."

ऐंशी वर्षं, दिपेश! आपल्या बाबांनी आयुष्यभर त्या डबीला नाकं मुरडली आणि आत हे होतं.

मग ती एकेक सांगत गेली. मेलेल्याच्या अंगावर दोरा ठेवत नाहीत, करगोटासुद्धा कापतात, नाहीतर जीव दोऱ्याला अडकून राहतो, ही आपल्याकडची रीत. आजाने त्याच रीतीने गोऱ्याच्या गळ्यातला दोरा कापला. त्यात दोन चकत्या होत्या, एक हिरवी, एक लाल. आजाला वाटलं, त्यांच्या कुठल्या देवाचा गंडा असेल. आठ वर्षांच्या पुतळाच्या, म्हणजे आपल्या आईच्या, हातात देऊन म्हणाला, जा, ओहोटीत सोडून ये. तिने हिरवी सोडली.

"आणि लाल का ठेवलीस?"

"लाल व्हती म्हनून," आई म्हणाली. मग चकती चिंधीत परत बांधता बांधता पुढचं बोलली. तुझ्यामाझ्या आधीची दोन बाळं गेली ना, ती त्या चकतीपायी गेली असं ती मनात धरून आहे. मेलेल्याचा दोरा घरात ठेवला, म्हणून. टाकायला जायची आणि टाकवायची नाही, कारण तोवर तो तिचा भाऊ झाला होता. बापाला सांगता येईना, नवऱ्याला सांगता येईना. एवढीशी बाई एवढं मोठं ओझं कमरेला लावून भात लावत होती, मीठ वाहत होती, आपल्याला शाळेत धाडत होती. मला तिचा राग आला आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. घेतलं.

आता तुझ्या कामाचं. चकतीवर इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. मनस्वीने मोबाईलचा दिवा तिरका धरला तेव्हा लागली. कालिन्यक असं काहीसं आडनाव, त्यापुढे नुसता ओ, मग आर आणि आकडे, शेवटचे दोन झिजलेत. खाली आर सी ए एफ. मनस्वीने शोधून सांगितलं, रॉयल कॅनेडियन एअर फोर्स. आपण जन्मभर त्याला विलायतेचा समजत होतो, निघाला तुझ्या गावचा!

मला राहवेना. रात्रीचं जेवण हरेशवर सोपवून ॲटलास उघडला. कॅनडावर कुणी चालून आलं नव्हतं. मग हा पोरगा इतक्या लांब, आपल्या खाडीकाठच्या खाजणात, काय करत होता? कालिन्यक हे इंग्रजाचं नाव तर वाटत नाही. कुठल्या गावचा? घरी कोण होतं? हे सगळं मी मोठ्याने बोलत होते. आई म्हणाली, "कामाला आला आसल. मानूस लांब कामालाच जातंय. तुजा भाव नाय गेला?"

सहा वर्षांत पहिल्यांदा तिने तुझा उल्लेख केला, म्हणून लिहिलं.

तिचा हट्ट एकच आहे. "त्याचे आयशीला कलवला का कुनी?" मी म्हटलं, आई, ती माऊली आज असती तर सव्वाशे वर्षांची असती. तर म्हणते, "मंग घरान कोन आसल त्याला कलवा. मी जायचे आदी." चकतीचे फोटो मनस्वी पाठवेल. तिकडे अशा गोष्टींच्या कचेऱ्या असतील. बघ बाबा.

तुझी ताई,
निशिगंधा

---

नेरूळ,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय दिपेश,

आशीर्वाद आणि शाबासकी, दोन्ही. तू मनस्वीला पाठवलेली ती पानं मी चारदा वाचली. इतक्या पटकन काम करशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी तुला दुकानातून साखर आणायला धाडलं की तू संध्याकाळी परत यायचास, तेही साखर विसरून.

तर मामाचं नाव ओरेस्ट. ओरेस्ट कालिन्यक. मी ते पाच-सहा वेळा म्हणून बघितलं. वय बावीस. सॅस्कॅचेवानमधल्या गव्हाच्या शेतावरचा. आईबाप युक्रेनहून येऊन तिथे जमीन कसायला लागलेले. स्वतःहून भरती झाला, विमानात वायरलेसवर होता. बारा ऑगस्ट एकोणीसशे पंचेचाळीसला विमान पडलं. लढाई थांबायला तीन दिवस उरले होते, दिपेश! मी ॲटलासमध्ये त्याचं गाव शोधलं. कुठल्याही बाजूने मोजा, समुद्र हजार किलोमीटरच्या पलीकडे. ज्याने लहानपणी खारं पाणी बघितलं नसेल तो आपल्या खाडीत बुडाला.

आईला मी सगळं आपल्या भाषेत करून सांगितलं. तुम्ही जगभर केवढी माणसं गमावलीत तेही सांगितलं. (तुम्ही म्हणतेय बघ, तुला कॅनडात ढकलूनच दिलं.) दुसऱ्या लढाईत पंचेचाळीस हजार, आणि तेव्हा देशाची वस्ती सगळी मिळून सव्वा कोटीही नव्हती. मी वर्गात पोरांना हिशेब घातला, दर अडीचशे माणसांमागे एक. एक पोरगी म्हणाली, बाई, म्हणजे आपल्या सोसायटीतून दोघं. मग मागच्या बाकावरची पोरंसुद्धा आपापल्या सोसायटीतली माणसं मोजायला लागली.

ओटावाला संसदेत ती मोठी नावांची वही आहे आणि रोज सकाळी अकराला तिचं एक पान उलटतात, म्हणजे प्रत्येक नाव वर्षातून एकदा तरी उजेडात येतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. कुणी ठरवलं असेल हे? पान उलटायला कोण जातं, त्याला रजा मिळते का? असले प्रश्न मला पडतात. तू लिहिलंस की अकरा नोव्हेंबरच्या त्यांच्या स्मृतिदिनाआधी ते लाल फूल तू एकोणीस वर्षं दुकानात घेत होतास आणि कोटाला लावून विसरत होतास, आणि या वर्षी पहिल्यांदा त्या दोन मिनिटांत उभा राहून तुला कुणाचं तरी नाव आठवलं. ते मी आईला वाचून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली, पण उठून गेली नाही.

आता तळ्याचं. मला वाटलं तू चेष्टा करतोस. त्या राज्यात लढाईत गेलेल्या माणसांची नावं उत्तरेकडच्या तळ्यांना, बेटांना, ओढ्यांना दिली आहेत! कुणाचं तळं, कुणाचा खडक. आपल्या ओरेस्टचंही एक आहे, कालिन्यक लेक. प्रेत मिळालं नाही, कबर नाही, सिंगापूरच्या भिंतीवर बेपत्त्यांत नाव, आणि इकडे जंगलात एक अख्खं तळं. आईला सांगितलं तर तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"त्यान मासली हाय का?"

चौकशी करून कळव. चेष्टा नाही, ती रोज विचारते.

तुझ्या पानांतली एक गोष्ट मात्र मी तिला वाचून दाखवली नव्हती. त्याच्या फायलीत त्याच्या आईची पत्रं आहेत ना, दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला हवाई दलाला लिहिलेली, पार एकोणीसशे बावन्नपर्यंत. तिला इंग्रजी येत नव्हतं, धाकटी लेक लिहून द्यायची. त्यात एका वर्षी तिने विचारलंय, 'त्याच्या गळ्यात नावाचा बिल्ला होता. मग तो कोणाला ओळखता कसा येत नाही?' ती ओळ मी गाळली. आईला त्रास कशाला, म्हटलं.

पण आपली आई म्हणजे काय चीज आहे. सगळं ऐकून झाल्यावर चकती हातात घेऊन म्हणाली, "या चकतीवरनं वलखतात का मेलेल्याला?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं की काय, कोण जाणे.

"मंग आमीच हरवला त्याला," ती म्हणाली.

मी पुष्कळ समजावलं. आजाने चांगल्या भावनेनेच केलं, त्याचा जीव मोकळा व्हावा म्हणून केलं, त्याला काय ठाऊक. तिने ऐकून घेतलं. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, आता सगळं खरं लिहून धाड, दोरा कापला तेही लिही, मी चकती ठेवली तेही लिही, काही लपवू नको. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई कुणाला न भिता असं म्हणाली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी तुला सापडली, हे उत्तमच झालं. खरी भाची निघाली म्हटल्यावर मला उगाच जरा टोचलं, पण असो. चकती तिला द्यायची असं आईने ठरवलंय.

राहता राहिला तो दफनाच्या जागेचा फॉर्म. तिकडच्या कचेरीने किती सभ्यपणे विचारलंय! जागेचा नकाशा मी काढलाय. भूगोलाची बाई आहे, निदान एवढं तरी यावं. खाडीची कड, मिठागराचा बांध, भरतीचं पाणी अडवायची आणि सोडायची ती उघाडी, तिथून पूर्वेला अंदाजे चाळीस पावलं. सहा वर्षांपूर्वी जमीन कंटेनर यार्डला देताना आईने एकच अट घातली होती, दगड आणि त्याखालची जागा कुंपण घालून सोडायची. भराव पडला, दगड खाली गेला, आणि तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही. हे तुला सांगायला नको, पण फॉर्ममध्ये लिहावं लागणार. 'दफनाची जागा शेवटची कोणी पाहिली, केव्हा, तेव्हा खूण होती का, असल्यास ती का हलवली गेली?' असा एक रकाना आहे. तो मी तूर्त कोरा ठेवलाय. शाळेत पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, डोकं ठिकाणावर नाही. सावकाश भरते.

तुझी ताई,
निशिगंधा

---

नेरूळ,
रविवार, १८ जानेवारी २०२६

दिपेश,

तो रकाना भरला. फॉर्म याच पाकिटात आहे. पण तू तो इंग्रजीत वाचण्याआधी मी मराठीत सांगते, नाहीतर तुझ्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

दफनाची जागा शेवटची मी पाहिली. शनिवार, सात डिसेंबर दोन हजार एकोणीस, सकाळी पावणेदहा. खूण होती. दगडाला आदल्या भाऊबीजेचं कुंकू होतं, निम्मं धुतलेलं.

आदल्या दिवशी तू फोन केला होतास. 'भराववाला दहाला येणार, तू उभी राहा, दगड दाखव, बाकी मी त्याच्याशी बोललोय.' मी हो म्हटलं आणि गेले. सहा डंपर लागले होते, एक जेसीबी, पंधरावीस माणसं चहा पीत उभी. त्यांच्यात हेल्मेट घातलेला सुपरवायझर वळला आणि म्हणाला, "बाई, तुमी इकडे?" माझा जुना विद्यार्थी. राजवर्धन नाव. अभ्यासात बरा होता, मी त्याला अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावून बक्षीस दिलं होतं.

दिपेश, त्या सगळ्या माणसांसमोर बोट दाखवून 'हा दगड माझा मामा आहे, याला धक्का लावू नका' हे वाक्य मला बोलता येईना. मला लाज वाटली. आपल्या आईची, तिच्या कुंकवाची, आपल्या खाजणातल्या बोलण्याची, सगळ्याची. मी म्हटलं, "सहज आले होते, शेत बघायला." तो म्हणाला, "बघून घ्या बाई. अर्ध्या तासात प्लेन होनार हाय सगळं." मी बघून घेतलं आणि परत फिरले. मागे पहिला डंपर उलटा झाल्याचा आवाज आला, तरी मी वळले नाही.

घरी आई ओट्यावर बसली होती. "ठेवला का नीट?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दिपेशने नको सांगितलं गं. यार्डवाल्यांना अडचण होते म्हणाला."

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं. तू इतका लांब होतास की ते खोटं पाडायला कुणीच नव्हतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते खरं झालं. तुला मी सांगितलं, भराववाल्याने ऐकलं नाही, आणि तुला वाटलं, जमीन आणि दगड दोन्ही गेले म्हणून आई रुसली. तू तिला समजावत राहिलास, ती फोन माझ्या हातात देत राहिली, आणि मी मधे उभी राहून दोघांचं ऐकत राहिले. बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. तू व्हिडिओवर रडत होतास आणि आई फोनकडे पाठ करून बसली होती. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी फोन धरून नुसती उभी राहिले. आपलं फोनवर नेहमी वाजायचं म्हणते ना मी? तू आईचा विषय काढलास की मीच भांडण उकरायची. म्हणजे तो विषय पुढे जायचा नाही.

ऐंशी वर्षांपूर्वी एका आठ वर्षांच्या पोरीने चकती लपवली, ती या दिवाळीत मोकळी झाली. मी मात्र एक्कावन्नाव्या वर्षी, शिकलेली, समजती असताना केलं.

परवा शुक्रवारी जासईला हुतात्मा दिन होता. आईने हट्ट धरला म्हणून हरेशने गाडीतून नेलं. चौऱ्याऐंशी साली जमिनीसाठी गोळ्या खाल्लेल्यांची नावं दर वर्षीसारखी वाचली, फुलं वाहिली. आई खुर्चीत हात जोडून होती. परतताना तिने गाडी यार्डाकडे घ्यायला सांगितली. गेटवरच्या भय्याने म्हातारीला बघून आत सोडलं, फक्त गाडीतून उतरू नका म्हणाला. एकावर एक पाच कंटेनर, निळे, तांबडे, मधून ट्रेलर. उघाडीचा नुसता सिमेंटचा कोपरा वर दिसत होता. तिथून मी पूर्वेकडे अंदाज घेतला आणि सांगितलं, "इथं असेल."

"तुला कसा म्हाईत येवरा बराबर?" तिने विचारलं.

मग मी सांगितलं. सगळं. हरेश पुढे स्टिअरिंग धरून बसला होता, त्यालाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

आई ओरडली नाही. मला वाटलं होतं, मारेल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्या कंटेनरांकडे बघत म्हणाली, "दगर गेला तं गेला. सा वरसं माजे पोराशी बोलू दिला नाय तू मना."

दिपेश, फॉर्मचं पुरं करते.

घरी आल्यावर ती म्हणाली, फारम आण. मी वाचत गेले, ती सांगत गेली. 'मृताशी नाते' या रकान्यात मी 'काही नाही' असं लिहिलं होतं. ते तिने खोडायला लावलं. तिच्यापुढे 'बहीण' लिहिलं, माझ्यापुढे 'भाची'. म्हणाली, लाज वाटते तर वाटू दे, लिही. मग शेवटी मोकळी जागा होती, तिथे तिने एक ओळ घालायला सांगितली आणि खाली स्वतःचं वेडंवाकडं नाव काढलं. ती ओळ मी इंग्रजीत केलीय, पण तू तिच्याच बोलीत वाच, त्या भाचीलाही नीट समजावून सांग.

"त्याचे घरच्यांना लिव, उपाशी नाय ठेवला आमी त्याला."

ते कंटेनर हलवून कुणी खणेल असं मला वाटत नाही. निदान तो कुठे आहे, कुणाच्या बांधावर आहे, एवढं तिकडच्या वहीत लागेल. बेपत्ता हा शब्द तरी पुसला जाईल.

मी त्याच संध्याकाळी तुला फोन लावायला घेतला होता. आईने हात धरला. "तू पयले त्याला सांग. कागदावर सांग, मंग पलटता येनार नाय. त्यानं वाचला का मंग मी बोलन." म्हणून हे पत्र. कुरिअरने पाठवतेय, आठवड्यात मिळेल. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवते, पण मीठ कमी आहे की जास्त तेही सांगत नाही. घर फार शांत झालंय. तू सहा वर्षं यात कसा राहिलास रे?

तुझी माफी मागत नाही. ती मागितली की तुला द्यावी लागेल, तू तसा आहेस. ती न देण्याचा तुला हक्क आहे. एवढंच कर की वाचून झाल्यावर आईला फोन कर. मनस्वीच्या नंबरवर कर, माझ्या नको.

खाली नुसतं नाव लिहितेय. त्याच्या वरच्या ओळीत दर वेळी जे दोन शब्द लिहीत आले ते लिहायला आज हात होत नाही. ते तिथे असावं की नाही, तू ठरव.

निशिगंधा